मांडी घातलेला माणूस

उजवा हात थरथरू लागल्यापासून मी पुन्हा इंग्लिश शिल्पकार जॉन फ्लॅक्समनची रेखाटनं काढून बसतो. हातातली थरथर माती पोटात घेते, रेषा घेत नाही. आणि फ्लॅक्समनकडे तर नुसती बाह्यरेषा, छायेचा आधारही नाही. इलियड-ओडिसीवरची त्याची चित्रं १७९३ मध्ये छापली गेली आणि युरोपभर गाजली. माझा जीव मात्र त्याच्या स्मारकांच्या कागदांत अडकतो.

रेषा कडा सांगते, उठाव किती ते सांगत नाही. उठावशिल्पात दगड हाती असतो दोन-अडीच इंच. खुर्चीतला माणूस बाजूने काढला की मांडी कागदावर आडवी पसरते, खोली लागतच नाही. अथेन्सच्या थडग्यावरची हेगेसो अशीच बसली आहे. फ्लॅक्समन त्याच वाटेने गेला. आमची माणसं मांडी घालून बसतात. समोरून पाहा, पोटऱ्या अंगावर येतात. बाजूने पाहा, एक गुडघा थेट आपल्यावर रोखलेला. ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या चॅपलमध्ये त्याने केलेलं, संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्सचं स्मारक आहे. जोन्स टेबलाशी लिहितो आहे, समोर तीन पंडित जमिनीवर. एकाच शिळेत दोन्ही बैठका! जोन्स कुणीही काढला असता. पंडितांसाठी मी फ्लॅक्समनला मानतो.

चेहऱ्यांची गोष्ट वेगळी. मुंबईच्या टाउन हॉलमधले एल्फिन्स्टन आणि माल्कम यांचे पुतळे शिल्पकार चँट्रीचे. तो कॅमेरा ल्युसिडा या गिरवण्याच्या यंत्रातून चेहरा समोरून आणि बाजूने उतरवून घ्यायचा. चेहरे उत्तमच. पण आज फोटोवरून थेट फायबरचा पुतळा उभा करतात, त्यांनी त्याचं यंत्र घेतलं आणि रेखाटन टाकलं. हे मला सहन होत नाही.

माझी विद्यार्थिनी म्हणते, ‘सर, मोबाइलवर गिरवा ना.’ मी गिरवत नाही. त्यात कलेची काळजी थोडी, मिजास जास्त. एका दमात ओढलेल्या माझ्या रेषेची स्तुती मला पुतळ्याच्या स्तुतीपेक्षा नेहमीच गोड लागली.

आता ती रेषा तुकड्यांत येते. गुडघ्यापाशी तुटली की तिथला भाग पुढे आल्यासारखा दिसतो, हे खरं. पण कागदावर. दगडात तिथे किती सूत राखायचं, हा प्रश्न तसाच राहतो. रोज सकाळी मी त्याच गुडघ्याशी येऊन थांबतो.

स्मारक करवून घेणाऱ्यांना एकच सांगणं: चेहऱ्याचा फोटो तुम्ही आणालच, तो माणूस बसायचा कसा, तेही घरच्यांना विचारून या.