त्रेपन्नावा आठवडा

दुर्ग-भिलाईच्या औद्योगिक पट्ट्यात, पोलाद कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या अनेक यंत्रशाळांपैकी एकीत उत्पादन-नियोजन करण्यात माझे सारे नोकरीचे आयुष्य गेले. घरी आईच्या तोंडी चैत्र-वैशाख असत, कचेरीच्या बारनिशीत इंग्रजी तारखा असत, आणि माझ्या मेजावरच्या लांबलचक तक्त्यात मात्र ‘आठवडा १७’, ‘आठवडा ३८’ असे नुसते आकडे असत. वर्षाच्या ओळीने मांडलेल्या आठवड्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक द्यावेत आणि त्या क्रमांकांवर मागणी, मजूर, यारी व मालगाडी यांची सांगड घालावी, इतके हे सरळ शास्त्र आहे, असे मला कित्येक वर्षे वाटत होते. ते तसे नाही, हे मला सन २०१० च्या मार्चात कळले.

एका मोठ्या गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचे काम आमच्याकडे आले होते आणि त्यात बसवावयाचे बेअरिंग युरोपातून यावयाचे होते. पुरवठादाराच्या स्वीकृतिपत्रात मुदत लिहिली होती ती एवढीच : आठवडा १०. आमच्या संगणकावरील सूत्राने दहावा आठवडा म्हणजे २८ फेब्रुवारी ते ६ मार्च असे दाखविले. त्या हिशेबाने मी सोमवारी, १ मार्चला, फिटरांची तुकडी नेमली, यारी राखून ठेवली आणि झाकण उघडवले. आठवडा सरला, माल आला नाही. उघड्या पेटीच्या तोंडावर आम्ही ताडपत्री बांधली, कडेने ग्रीसमध्ये भिजवलेली फडकी कोंबली, तरी पोलादनगरीची ती तांबूस धूळ दातेरी चक्रांवर रोज सकाळी बोटाने रेघ ओढता येईल इतकी साठलेली असे. मी कडक शब्दांत तगादा लिहिला. त्याचे उत्तर सौम्य होते आणि एका ओळीचे होते : २०१० चा दहावा आठवडा ८ मार्चला सुरू होतो. बेअरिंग १० मार्चला, बुधवारी, दाराशी आले. म्हणजे दिलेल्या शब्दाप्रमाणे ते वेळेवरच आले होते.

त्या दिवसापासून या विषयाचा मी अभ्यास केला, आणि दोन्ही पक्ष आपापल्या शिरस्त्याने बरोबर होते हे मला उमगले. अमेरिकेत रूढ असलेल्या आणि तेथून आपल्या संगणकांत आलेल्या रीतीप्रमाणे आठवडा रविवारी उजाडतो, आणि ज्या आठवड्यात १ जानेवारी पडेल, मग तो दिवस शनिवार का असेना, तो पहिला आठवडा. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७१ मध्ये ज्याची शिफारस केली आणि १९८८ पासून जो ‘आयएसओ ८६०१’ या मानकात समाविष्ट आहे, त्या नियमाप्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि वर्षातील पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. गुरुवारच का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. सोमवारपासून मोजलेल्या सात दिवसांत गुरुवार मधला. तो ज्या वर्षात पडला त्या वर्षाकडे आठवड्याचे निदान चार दिवस, म्हणजे बहुमत, गेलेले असते. म्हणून ४ जानेवारी हा दिवस नेहमी पहिल्याच आठवड्यात सापडतो. २०१० चा १ जानेवारी शुक्रवारी आला. तेव्हा तो, आणि त्यानंतरचे शनिवार-रविवार, युरोपच्या दफ्तरी २००९ च्या त्रेपन्नाव्या आठवड्यात जमा झाले, आणि रविवार सोडता सबंध वर्षभर दोन्ही मोजण्यांत एकाचा फरक राहिला.

त्रेपन्नावा आठवडा हा या गणिताचा अधिकमास आहे, असे मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगत असे. बावन्न आठवड्यांचे दिवस होतात ३६४; उरलेला एक दिवस, लीप वर्षी दोन, साठत साठत पाच-सहा वर्षांनी एक जादा आठवडा पदरात टाकतात. जे वर्ष गुरुवारी सुरू होते, किंवा लीप असून बुधवारी सुरू होते, ते त्रेपन्न आठवड्यांचे. ग्रेगोरियन पंचांगाच्या चारशे वर्षांत १,४६,०९७ दिवस येतात, त्यांना सातने निःशेष भाग जाऊन २०,८७१ आठवडे होतात, आणि त्या चारशे वर्षांपैकी बरोबर ७१ वर्षे अशी थोरली असतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, बुधवारी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ते १९५९ साल गुरुवारी सुरू झालेले, म्हणून त्रेपन्न आठवड्यांचे होते.

भिलाई उभारण्यासाठी जे सोव्हिएत अभियंते आले त्यांच्या भाषेत वारांची नावेच सोमवारपासूनची मोजणी सांगतात : मंगळवारला ‘फ्तोर्निक’ म्हणजे दुसरा, गुरुवारला ‘चेत्वेर्ग’ म्हणजे चौथा, शुक्रवारला ‘प्यातनित्सा’ म्हणजे पाचवा. उलट गोमंतकात साडेचारशे वर्षे जिचा अंमल होता त्या पोर्तुगीज भाषेत सोमवार हाच ‘सेगुंदा’, दुसरा. फारसीत रविवार ‘यकशंबा’, म्हणजे शनिवारनंतरचा पहिला. जर्मनांचे तर नाव एक आणि नियम दुसरा : त्यांचा बुधवार ‘मिटवोख’, आठवड्याचा मध्य, आणि हे नाव रविवारपासून मोजले तरच सार्थ होते, परंतु १९७६ पासून त्यांच्या मानकाने सोमवार हा पहिला वार ठरविला आहे. आणि आपली मायबोली? सात दिवसांच्या या कालखंडाला आपण ‘आठवडा’ म्हणतो, कारण या बाजारापासून त्या बाजारापर्यंत दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजण्याची आपली रीत; फारसीतील सातावरून आलेल्या हफ्त्याला आपण कर्जफेडीच्या कामी लावले, आणि संस्कृत सप्ताह बहुतांशी भागवताच्या पारायणासाठी आणि हरिनामासाठी राखला. या तीन शब्दांची ही वाटणी मला फार प्रिय आहे.

वर्षाच्या आरंभाविषयीचा हा घोळ आपल्याला नवा नव्हे. मराठी दफ्तरात शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेस बदले, राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, आणि शुहूर सन, ज्याला मृगसाल म्हणत, तो सूर्य मृग नक्षत्री आला म्हणजे. म्हणून एकाच पत्रावर शक नवा आणि सन मागचा असे सहज घडे. पण त्या लेखनिकांचा एक गुण आम्ही नियोजनकारांनी घ्यावा असा आहे : आकडा लिहिताना तो कोणत्या गणनेतला हे ते त्याच्याशेजारी लिहीत. माझ्या स्वीकृतिपत्रावर तेवढेच नव्हते.

यापेक्षा मूलगामी तजवीज एकदा आपल्याच देशाने जगापुढे मांडली होती, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. वर्ष नेमके ३६४ दिवसांचे धरावे, प्रत्येक वर्ष रविवारीच सुरू व्हावे, आणि उरलेला दिवस कोणत्याच वारात न मोजता वर्षाच्या शेवटी ठेवावा, अशी ती ‘जागतिक पंचांगा’ची योजना भारत सरकारने १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेपुढे नेली, पंचांग-सुधारणा समितीचे अध्यक्ष मेघनाद साहा तिचे पुरस्कर्ते होते. आठवड्यांचे क्रमांक त्यायोगे कायमचे स्थिर झाले असते आणि माझ्यासारख्याचे आयुष्य सोपे झाले असते. तरीही १९५६ मध्ये तो विषय बेमुदत तहकूब झाला याचे मला समाधान वाटते. राज्ये बदलली, संवत्सरे बदलली, ज्युलियन पंचांग जाऊन ग्रेगोरियन आले आणि तारखांतून दहा दिवस गळले, तरी गुरुवार, ४ ऑक्टोबर १५८२ नंतर शुक्रवारच आला. वारांची ही अखंड माळ हिशेबाच्या सोयीसाठी तोडणे मला अनुचित वाटते. खुद्द सोव्हिएत देशाने १९२९ पासून पाच दिवसांचा, मग सहा दिवसांचा आठवडा चालवून पाहिला, आणि १९४० मध्ये सात दिवसांवर तो परतला.

हा अंक ज्यांच्या हाती पडेल त्यांपैकी अनेक जण कारखानदार, निर्यातदार, किंवा परदेशी राहणाऱ्या मुलांच्या सुट्यांचे बेत आखणारे आईबाप असतील. त्यांना माझी विनंती आहे की, आठवड्याचा आकडा लिहाल तेथे त्याच्या सोमवारची तारीख लिहा. यंदाचे २०२६ साल गुरुवारी सुरू झाले आहे. या वर्षीचे लक्ष्मीपूजन, रविवार, ८ नोव्हेंबर, आंतरराष्ट्रीय मोजणीने पंचेचाळिसाव्या आठवड्याचा शेवटचा दिवस आहे आणि अमेरिकी मोजणीने सेहेचाळिसाव्याचा पहिला. आणि सोमवार, २८ डिसेंबर २०२६ ते रविवार, ३ जानेवारी २०२७ हा त्रेपन्नावा आठवडा आहे.