बोयच्या अंगावरची जखम

तर झालं असं, मंडळी. शनिवारी पहाटे साडेचारला शाहूपुरीतून गाडी काढली. मागच्या सीटवर मामांचे दोन गळ आणि मी मळलेल्या कणकेचा डबा. आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या भाट्याच्या खाडीवर पोहोचलो. पाऊस नुकताच ओसरलेला, पाणी गढूळ.

तीन तासांत दोन बोय लागल्या. दुसरी हातात घेतली आणि दचकलोच. कुशीवर रुपयाएवढी लालभडक जखम. खवले गेलेले, आतलं मांस दिसतंय.

मामा शांत. "तेवढं कापून टाकू. बाकीची चांगली हाय की."

मी भडकलो. केमिकल असणार, वर कुठला तरी कारखाना असणार! "मामा, तुम्हाला यातलं कळत नाही," म्हणालो आणि मासा सरळ खाडीत भिरकावला. परतताना साखरप्यापर्यंत मामा एक शब्द बोलले नाहीत.

रविवारी वाचायला बसलो. आमच्या धंद्यात एरर दिसते तिथेच बग असतो असं नाही, हे रोज शिकवतात. मी मात्र जखम बघून अर्ध्या मिनिटात निकाल दिला होता.

अशा जखमांची कारणं बरीच असतात: जिवाणू, परजीवी, जाळ्याचं खरचटणं. पण बोयच्या बाबतीत एक जुना संशयित आहे, अ‍ॅफॅनोमायसिस इन्वाडान्स नावाची पाण्यातली बुरशी. १९७१ मध्ये जपानात आणि १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियात हा रोग दिसला. ऑस्ट्रेलियात तर आधी बोयमध्येच. तिथे त्याला 'लाल ठिपका' म्हणतात. १९८८ मध्ये तो ईशान्य भारतात आला, १९९१ च्या पावसाळ्यात केरळच्या वेंबनाड कायलात. लोकांनी मासे घेणंच सोडलं आणि रोग माशांना होऊन उपाशी राहिले कोळी.

गंमत म्हणजे समुद्राच्या पुऱ्या खारट पाण्यात ही बुरशी टिकत नाही. पावसाने खाडी गोडी झाली, पाणी गार झालं की तिचं फावतं. आम्लधर्मी पाण्याने माशाची कातडी आधीच दुखावलेली असेल तर मग बघायलाच नको. तिचे पोहणारे बीजाणू नेमके तिथून आत शिरतात. मरळीला हा रोग पटकन धरतो, चिलापी मात्र सहसा दाद देत नाही. माझ्या बोयला हेच झालं होतं का, ते मांसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि तो तुकडा तर मीच फेकून दिला होता.

हा रोग माणसाला होत नाही. म्हणजे मामा निम्मे बरोबर. पण उघड्या जखमेत इतर जिवाणू शिरतात, त्यामुळे ती खाण्यासारखी नव्हतीच. म्हणजे निम्मा मी बरोबर. पण असा मासा पाण्यात परत टाकायचा नसतो, लांब पुरायचा असतो. तिथे मी पुरता चुकलो.

संध्याकाळी मामांना फोन केला. सगळं सांगितलं, 'कळत नाही' म्हटल्याबद्दल माफीही मागितली.

जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला खुरपं घे बरोबर, पुरायला. आणि कणीक मी मळतो. तुझी पाण्यात विरघळती."