यादी वाचण्याची विद्या

संस्कृत व्याकरणाच्या विद्यार्थ्यास आरंभींच एक धडा मिळतो. शास्त्रांतील शब्दाचा अर्थ कोशांत शोधूं नये. तो त्या शास्त्राच्या परिभाषेंतच पाहावा. पाणिनीच्या येथें ‘गुण’ म्हणजे सद्गुण नव्हे; अ, ए आणि ओ या तीन स्वरांची ती संज्ञा होय. अमेरिकेंत ओहायो राज्यांत संसार थाटलेल्या आमच्या नातीनें ‘डे-लिली’ या फुलझाडांची विक्रीची यादी धाडून निवडीस साह्य मागितलें, तेव्हां हाच धडा आम्हीं तिला प्रथम कळविला. नव्या जातींचें मोल भारी असतें. शब्दार्थ चुकीचा धरल्यास पैका जातो, आणि चूक कळावयास पुढील उन्हाळा उजाडावा लागतो.

या झाडाचें शास्त्रीय नांव हेमेरोकॅलिस. लिनियसनें तें १७५३ सालीं ग्रंथांत नोंदविलें. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘दिवस’ व ‘सौंदर्य’. नांव अन्वर्थक आहे, कारण प्रत्येक फूल बहुधा एकच दिवस टिकतें. ‘लिली’ हें पद मात्र फसवें. खरी लिली कांद्यापासून वाढते; हिला कांदा नसून मांसल मुळें असतात.

कांहीं जातींपुढें ‘मिनिएचर’ असें लिहिलेलें असतें. नातीनें त्या ठेंगण्या समजून वाटेच्या कडेस लावण्याचें योजिलें होतें. परंतु ही संज्ञा फुलाची आहे, झाडाची नव्हे. फुलाचा व्यास तीन इंचांहून कमी असला कीं तें मिनिएचर. मग त्याचा दांडा गुडघ्याच्या वर गेला तरी संज्ञेस बाध येत नाहीं. उंची पाहावयाची ती ‘स्केप’ या शब्दापुढील आंकड्यांत. स्केप म्हणजे फुलें धारण करणारा दांडा. ‘एव्हरग्रीन’ व ‘डॉर्मंट’ यांचेंहि तसेंच. पहिल्या प्रकारचीं पानें हिवाळ्यांतहि टिकूं पाहतात. दुसऱ्या प्रकारचीं वाळून जातात व वसंतांत पुन्हां फुटतात. हा केवळ पानांचा स्वभाव झाला. बर्फांत कोणतें झाड तगेल याची हमी त्यांत नाहीं. ती चौकशी त्याच भागांत बाग करणाऱ्यांकडे करावी.

मीमांसक विधि आणि अर्थवाद असा भेद करितात. विधि म्हणजे कर्तव्य सांगणारें वाक्य, अर्थवाद म्हणजे त्याची स्तुति. यादी वाचतांना हा भेद फार उपयोगीं पडतो. डे-लिलीप्रेमींची जी संस्था अमेरिकेंत १९४६ सालीं निघाली, तिच्याकडे १९५५ पासून जगभरच्या जातींच्या नोंदणीचा अधिकार आहे. त्या नोंदींतील उंची, फुलाची रुंदी व बहराचा काळ हे विधीसारखे प्रमाण मानावे. माती व हवेप्रमाणें थोडा फरक पडेल इतकेंच. ‘मखमली’, ‘अद्वितीय’, ‘निळें’ हा सारा अर्थवाद. खरोखर निळी डे-लिली अद्याप निपजलेली नाहीं.

आणखी एक आंकडा खरेदीपूर्वीं अवश्य पाहावा, तो कळ्यांचा. फूल एका दिवसाचें असल्यामुळें दांड्यावर कळ्या दहा कीं तीस, यावरच बहर किती दिवस चालेल तें बहुतांशीं ठरतें. ज्या वाचकांचीं मुलेंबाळें त्या देशांत घरें करून आहेत, त्यांनीं अशी यादी हातीं आल्यास चित्रांआधीं आंकडे वाचण्यास त्यांना सांगावें.