विहीर, वाघोरा आणि विष्णू

बदनापूर, जि. जालना
माघ शुद्ध पंचमी

चि. सौ. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

भाड्याची आरव्ही घेऊन मार्चअखेरच्या सुट्टीत तुम्ही सर्व जण ग्रँड कॅन्यनला निघणार असल्याचे तुझे पत्र पोचले. ओटा, पाण्याची टाकी आणि मुलांच्या निजण्याच्या फळ्या यांचे तू केलेले वर्णन तुझ्या मामीने दोनदा वाचून घेतले. दोन दिवसांत काठावरचे सगळे पॉइंट पाहून होतील का, असे तू विचारतेस. होतील; परंतु ते सगळे पाहण्याच्या भरीस न पडता एकच वाट धरून तुम्ही खाली उतरावे, आणि साधल्यास एक रात्र खालीच काढावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तिचे कारण थोडे विस्ताराने लिहितो.

तू परकरी असताना आपल्या मळ्यातील विहीर खोल करण्याचे काम चालले होते. वरची काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा मऊसर मांजऱ्या, मध्येच वीतभर जाडीचा गेरूसारखा तांबडा पट्टा आणि शेवटी सुरुंगालाही सहजासहजी दाद न देणारा काळा पाषाण, असे एकामागून एक थर यारीने वर येत, आणि तू त्यांतले खडे वेचून ओसरीवर मांडीत असस. तो तांबडा पट्टा कसला, हे तेव्हा मला तुला सांगता आले नव्हते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी या दख्खनच्या भूमीवर लाव्हाचे लोट पुनःपुन्हा पसरले. एक लोट निवून, उन्हापावसाने झिजून त्याची माती होण्याइतका अवधी गेला, आणि मग दुसरा लोट येऊन त्याने ती माती भाजून काढली, तीच ही तांबडी रेघ. दोन अग्निप्रलयांमधील निवांत काळ आपल्या विहिरीच्या भिंतीत वीतभर जागा अडवून बसला आहे, हे मला कळले तेव्हा पुस्तक मिटून मी थेट मळ्यात गेलो.

हेच थर शेकडो फूट उंचीने उघडे पाहावयाचे असतील तर आपल्याला फार लांब जावे लागत नाही. राजूरच्या गणपतीला नमस्कार करून भोकरदन, सिल्लोडवरून अजिंठ्याच्या डोंगरात गेले की वाघोरा नदी सात कुंडांतून उड्या घेत खाली येते आणि नालाकृती वळण घेऊन तिने कोरलेल्या दरीच्या कड्यात लेणी आहेत. 28 एप्रिल 1819 रोजी शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती समोरच्या माथ्यावरून प्रथम दिसली. त्याने खाली उतरून दहाव्या लेण्याच्या स्तंभावर आपले नाव कोरले, याबद्दल त्याला क्षमा करणे मला अद्याप जमलेले नाही. ज्यांनी ही दरी खऱ्या अर्थाने जाणली ते भिक्षू इसवी सनापूर्वीच्या 2 ऱ्या शतकापासून तेथे वर्षावासासाठी राहत, आणि वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळी, 5 व्या शतकात, तेथे विहारांचा जणू एक गावच वसला. चार महिने समोर पाणी कोसळत असता ज्यांनी त्या कातळात दिवे लावले, त्यांचे आणि माथ्यावरून नजर टाकून परतणाऱ्याचे पाहणे सारखे कसे असेल? मी स्वतः लेणापूरच्या बाजूने पायऱ्या उतरून नदीपर्यंत जातो तो याच कारणाने. खाली फेरीवाले फोडलेले दगड विकतात. बाहेरून ओबडधोबड काळा आणि आत शुभ्र स्फटिकांच्या सुयांनी गच्च भरलेला असा एक दगड घेऊन उन्हात फिरवून पाहावा. लाव्हा निवताना वायूचे जे बुडबुडे आत कोंडले गेले, त्यांच्या पोकळीत खनिजयुक्त पाण्याने अतिशय सावकाश ही रास रचली. तुझ्या मांजऱ्यातील पांढरे ठिपके याच कुळीचे.

आता तुमच्याकडील कॅन्यन. तेथील बहुतेक थर अग्नीने घातलेले नसून पाण्याने आणि वाऱ्याने आणलेल्या वाळूचे, चिखलाचे, शंखशिंपल्यांच्या चुन्याचे आहेत. काठावरचा चुनखडक सुमारे 27 कोटी वर्षांचा, म्हणजे आपला लाव्हा वाहू लागला तेव्हाच तो वृद्ध होता; आणि तळाशी, कोलोरॅडोच्या प्रवाहालगत, 170 कोटी वर्षांहून जुना जो कृष्णवर्ण खडक आहे त्याचे नाव विष्णू. क्लॅरेन्स डटन या भूगर्भवेत्त्याने 19 व्या शतकात तेथील शिखरांना विष्णू, शिव अशी देवालयांची नावे दिली, आणि त्यांतील विष्णूचे नाव पुढे तळच्या पाषाणालाही मिळाले. शेषशायी देवाचे नाव सर्वांत खालच्या, सर्वांचा भार वाहणाऱ्या खडकाला लाभावे, हा योगायोग मला फार गोड वाटतो.

त्या दरीतही माणसे राहत होती. ब्राइट एंजल वाटेवर साडेचार मैल खाली झाडीची आणि झऱ्याची जी जागा आहे तेथे हवासुपाई लोकांची शेती होती. 1919 साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि 1928 पर्यंत तेथल्या अखेरच्या रहिवाशालाही बाहेर काढण्यात आले. 2022 साली त्या जागेला त्यांचे नाव मिळाले, जमीन मात्र मिळाली नाही. मुलांना हे अवश्य सांग; सौंदर्याच्या बंदोबस्तासाठी घरे उठविली जातात, ही गोष्ट आपल्या प्रदेशातील धरणे पाहिलेल्यांना समजावून सांगावी लागत नाही.

आरव्हीचा मुक्काम वरच, मेदर किंवा ट्रेलर व्हिलेजच्या तळावर करावा लागेल. खाली रात्र काढण्यास स्वतंत्र परवाना लागतो आणि त्याची मागणी कित्येक महिने आधी करावी लागते, म्हणून जावईबापूंनी आजच चौकशी करावी. परवाना न मिळाल्यास दीड मैलावरील विश्रामस्थानापर्यंत उतरून परत फिरा. आपल्या गडांवर आधी चढून दमावे आणि सुखाने उतरावे अशी रीत. तेथे उतरणे आधी आणि चढणे शेवटी, आणि चढावयास उतरण्याच्या दुप्पट वेळ धरावा, असा तेथील रखवालदारांचाच सल्ला आहे. वरच्या वळणांवर मार्चमध्येही बर्फ असू शकते, खाली मात्र ऊन लागेल. खारी धीट होऊन हातातला घास मागतात, त्यांना काही देऊ नका, त्या चावतात. पाणी आणि खारे दाणे भरपूर न्या.

धाकट्याला तेथील एकेका थराचा रंग वहीत उतरवून ठेवण्यास सांग. तुम्ही पावसाळ्यात इकडे आलात की फर्दापूरला मुक्काम करून वाघोऱ्यात उतरू, आणि येताना मळ्यात थांबू. विहिरीला हल्ली पाणी बरे आहे, त्यामुळे तांबडा पट्टा बुडालेला असेल, पण मांजऱ्या दिसेल.

जावईबापूंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा
मामा