पुलिवेंदुल्याचे डॉक्टर

आंध्र प्रदेशच्या रायलसीमेत कडपा जिल्ह्यात पुलिवेंदुला हे गाव आहे. दुष्काळ, भुईमूग आणि पिढ्यान्‌पिढ्यांची हाडवैरे ही त्या मुलखाची ओळख. येडुगुरी संदिंटी राजशेखर रेड्डी तिथलेच. आपल्या सोलापूरच्या शेजारी असलेल्या गुलबर्ग्यात ते एमबीबीएस झाले, जम्मलमडुगूच्या मिशन दवाखान्यात काही काळ नोकरी केली आणि 1973 मध्ये वडिलांच्या नावाने पुलिवेंदुल्यात 70 खाटांचे धर्मादाय रुग्णालय काढले. तिथे ते रुपयाभर फी घेत. ‘रुपयावाले डॉक्टर’ हे नाव पुढे कायम राहिले.

डॉक्टरकी मात्र मोजक्या वर्षांचीच. 1978 मध्ये ते विधानसभेत गेले आणि त्यानंतर एकही निवडणूक हरले नाहीत. सहा वेळा आमदार, चार वेळा खासदार. हे सगळे रुपयाच्या फीमुळे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. घराण्याचा दबदबा होता, गटबाजीचे रक्तरंजित राजकारण होते. 1998 मध्ये त्यांच्या वडिलांचा त्यातच खून झाला.

सत्ता मिळायला 2004 उजाडले. त्याआधीच्या उन्हाळ्यात, ऐन दुष्काळात, चेवेल्ला ते इच्छापुरम असे सुमारे दीड हजार किलोमीटर ते पायी चालले. वाटेत शेतकरी विजेची बिले आणि सावकाराची देणी सांगत, आणि त्या देण्यांत आजारपणाचा वाटा मोठा असे. मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतल्यावर पहिली सही झाली ती शेतीच्या मोफत विजेवर. आरोग्याचे काम नंतर सुरू झाले आणि सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक म्हणून मला खरा रस त्यातच आहे.

मुख्यमंत्री निधीतून उपचारासाठी मदत मागणारे अर्ज ढिगाने येऊ लागले. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग. अर्ज मंजूर होणार तो हैदराबादेत, ओळख असेल तर लवकर. आजारी माणसाला एवढी सवड कुठे? या खैरातीचा हक्क करायचा, या विचारातून 1 एप्रिल 2007 रोजी महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत ‘आरोग्यश्री’ सुरू झाली. पांढरे (तिथे ते गरिबांचे) रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत आणि गरज पडल्यास आणखी 50 हजारांचे उपचार, तेही खासगी रुग्णालयात, रोख पैसे न मोजता. दाराशी आरोग्यमित्र उभा. कागद तो बघणार. त्याआधी 2005 मध्ये 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली होती. रुग्ण उशिरा का येतो, हे छोट्या गावात दवाखाना चालवलेल्या माणसाला नेमके माहीत असते: एक तर गाडी नसते, दुसरे म्हणजे पैसे नसतात. या दोन योजना त्याच दोन अडचणींवरचे उत्तर होत्या, असे मला वाटते.

पण त्यांच्या मर्यादाही तिथेच आहेत. आरोग्यश्रीने शस्त्रक्रियेचे पैसे दिले. मधुमेहाच्या रोजच्या गोळीचे, ताप-खोकल्याच्या तपासणीचे पैसे लोक खिशातूनच देत राहिले. सरकारचा पैसा मोठ्या प्रमाणात खासगी रुग्णालयांकडे वळला. गरज नसताना गर्भाशय काढल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा टीकेची धार आणखी वाढली, आणि ती टीका रास्त होती. मोठ्या आजारात घर वाचवणे हे थोर काम आहेच. परंतु तो आजार मोठा होण्याआधी पकडणारे प्राथमिक आरोग्य केंद्र मागेच पडले.

2009 मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी 2 सप्टेंबरला चित्तूरकडे निघालेले त्यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला.

त्यांची योजना मात्र आपल्या दारी आली. जुलै 2012 मध्ये महाराष्ट्राने आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू केली ती आरोग्यश्रीच्याच धर्तीवर: पिवळे-केशरी रेशनकार्ड, दीड लाखाची मर्यादा आणि तोच आरोग्यमित्र. आज ती महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. हजारो घरे तिच्यामुळे कर्जातून वाचली, आणि आंध्रातली ती उणीवही तिच्यासोबत इकडे आली. म्हणून पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः नावापुढे ‘डॉ.’ लावणाऱ्याला, एवढे विचारा: आमच्या आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळी महिन्याचे तीसही दिवस मिळेल का?