वरात गेल्यावरची रात्र

गाझियाबादच्या सोसायट्यांमध्ये आता लग्नाआधी ‘लेडीज संगीत’ असतं. डीजे असतो, नाच बसवून देणारा मास्तर असतो, आणि सासवा-सुना एकाच ठेक्यावर उजवा हात वर करतात. इथल्या जुन्या वस्त्यांतल्या बायकांना मात्र खोडिया ठाऊक आहे, आणि त्यापुढे हे संगीत म्हणजे शाळेतली कवायत.

पश्चिम उत्तर प्रदेशात आणि हरियाणात पूर्वी वरातीबरोबर बायका जात नसत. नवरदेव घोडीवर बसला की भावकीतले यच्चयावत पुरुष त्याच्यामागे निघायचे. मागे उरायच्या बायका, पोरं, दागिन्यांनी भरलेलं लग्नघर आणि चोरांची भीती. मग खोडिया करून रात्र जागवायची. एकीने काजळाची मिशी काढून, धोतर नेसून नवरा व्हायचं, दुसरीने नवरी, तिसरीने दरोगा. खोटं लग्न लागायचं आणि लग्नानंतरच्या रात्रीचीही नक्कल व्हायची, हातवाऱ्यांसकट. दिवसा ज्या तोंडातून नवऱ्याचं नाव निघत नसे, त्याच तोंडातून रात्री सासरा, दीर, पुरोहित सगळ्यांची धिंड निघायची. शेजारच्या आजींना मी म्हणाले, एखादं गाणं म्हणून दाखवा ना. त्यांनी आधी नातवाला दूध आणायला खाली पिटाळलं, मग तोंडाला पदर लावून दोन ओळी म्हटल्या. तिसरीला स्वतःच हसत सुटल्या, ती काही मला मिळाली नाही.

अशा विनोदाला इंग्रजीत ‘रिबल्ड’ म्हणतात. शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला, आणि तिथे तो विनोदाला नव्हे, माणसाला लागायचा. फौजेच्या किंवा बड्या घराच्या आश्रयाने राहणारा हलका चाकर, लुच्चा, लंपट तो रिबल्ड. मध्ययुगीन फ्रान्सच्या दरबारात ‘रिबल्डांचा राजा’ नावाचा अधिकारीच होता. दरबारामागे फिरणाऱ्या अशा मंडळींवर आणि वेश्यांवर नजर ठेवणं हे त्याचं काम. म्हणजे आधी माणसं हलकी ठरली, मग त्यांचं हसणं. आपल्या संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानेही अकराव्या शतकात काव्यदोषांच्या यादीत ‘अश्लील’ घातला आणि ‘ग्राम्य’ही घातला. खेड्यातल्यासारखं बोलणं हाच दोष!

आपली परंपरा मात्र मम्मटाला विचारून चाललेली नाही. हाल सातवाहनाच्या नावावरची ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातली, आणि तिच्यातल्या कितीतरी गाथा बायकांच्या तोंडच्या आहेत. नवरा परगावी गेल्याचा उपयोग त्यांना चांगला कळतो. शिमग्याला तर आपण बोंब मारायची रीतसर परवानगीच दिली. तमाशातल्या गवळणीत मावशी होतो पुरुष, आणि हसायला समोर बहुतेक पुरुषच. खोडियात नेमकं उलटं आहे: नवरा होते बाई, बघायलाही बायाच. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातून १९६५ साली दादा कोंडके पुढे आले, आणि १९८६ मध्ये ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ हा चित्रपट करून त्यांनी हिंदी मुलखालाही आपली चुणूक दाखवली. त्या नावात एकही वाईट शब्द नाही. दादांची सगळी करामत तीच.

मला चावटपणाचं वावडं नाही. पण कोण कुणाला हसतंय हे मी बघते. मिशी लावलेली सून सासऱ्याची नक्कल करते तेव्हा ती वर्षभर गिळलेलं बाहेर काढते. साहेब हाताखालच्या मुलीला तसलाच विनोद ऐकवतो तेव्हा शब्द कदाचित तेच असतील, तरी तो छळ आहे. त्याला परंपरेचं कौतुक सांगू नये.

आता इथे बायकाही वरातीबरोबर जातात, डीजेपुढे नाचतात. हे चांगलंच झालं. फक्त खोडियाला हवी ती पुरुषांविना मोकळी रात्र त्यात गेली, आणि गाणी आजींच्या पिढीपाशी अडकून पडली. जात्यावरच्या ओव्या आपल्याकडे अभ्यासकांनी गावोगाव हिंडून लिहून घेतल्या, तशी ही गाणीही कुणीतरी वेळेत लिहून घ्यावीत. लिहून घेणारी मात्र बाई असावी, नाहीतर आजी सभ्य तेवढीच गाणी सांगतील.