कुडाळ ते मालवण, सायकलने

दिवाळीच्या सुट्टीत फजरनंतर कुडाळहून निघालात, तर ऊन तापण्याआधी मालवण गाठता येते. अंतर ३० किलोमीटरच्या आसपास. नेरूरपारच्या पुलावर कर्ली नदी ओलांडली की हलके चढउतार लागतात. दम लागला तर सायकल हाती धरून चालावे. पुढे धामापूरचा तलाव: १५३० साली बांधलेला, २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत आलेला. तिथे डबा उघडावा. मग चौके, आणि शेवटी समुद्र.

दहावी झाली की आपल्या कित्येक मुलींची सायकल पडवीत गंजते. ती बाहेर काढा, हवा भरा. अब्बांनी आपलीही काढावी. पुस्तकातला सिंधुदुर्ग किल्ला समोर दिसेल, तेव्हा लेक तिथवर स्वतःच्या पायांच्या बळावर आलेली असेल.